वे अँड ॲरन कालवा: डब्या सापडतील, पाण्याचं सांगता येत नाही

नकाशावर निळी रेघ आणि खाली ‘स्वयंसेवकांनी पुन्हा उभा केलेला कालवा’ ही ओळ. एवढं वाचल्यावर काठाकाठानं सपाट वाट असेल आणि दर दोनशे मीटरवर जिओकॅशिंगची (जीपीएसनं लपवलेल्या डब्या शोधायच्या खेळाची) एक डबी मिळेल असं कुणालाही वाटेल. इंग्लंडच्या सरे-ससेक्समधल्या वे अँड ॲरन कालव्यावर तसं काही नाही. १८१६ साली सुरू झालेला हा कालवा १८७१ मध्ये बंद पडला आणि जमीन वेगवेगळ्या हातांत गेली. १९७० पासून स्वयंसेवक तो परत मिळवताहेत, तेही तुकड्यातुकड्यानं. त्यामुळे निळ्या रेघेच्या जागी कुठे शेत लागतं, कुठे कुणाचं आवार, कुठे झाडीतला कोरडा चर. वे-साउथ पाथ ही पायवाट जमेल तिथे कालव्याचा काठ धरते आणि नाही जमलं की मुकाट्यानं भलतीकडे वळते.

लॉक्सवुड गावाशी पाणी आहे, बोटी आहेत, वाट छान आहे. डब्या पटापट मिळतात. झालं.

आता सिडनी वूड, कालव्याकाठचं जंगल. पाऊस होऊन गेला असेल तर इथे जाऊ नका, मग डबीला कितीही वाहवा मिळालेली असो. जमीन वील्डची (या भागाचं नाव) चिकणमाती, त्यात घोडेस्वारांची वाट. टापांनी तुडवून तिचा लगदा होतो. बूट पायातून निघून चिखलातच राहतो आणि काठीसुद्धा ओढून काढावी लागते. दोन्ही कडांना काटेरी झुडपं, म्हणजे बाजूनं जाण्याची सोय नाही. वर दाट फांद्या असल्यानं जीपीएसचा बाण गरगरत राहतो. अशा वेळी बाणामागे पळायचं सोडून डबीच्या पानावर सांकेतिक अक्षरांत दिलेला इशारा सरळ उलगडा. या डबीच्या वाटेची अवघडपणाची श्रेणी (‘भूभाग’) म्हणे दीड! पाचपैकी दीड! तो आकडा लिहिणारा नक्की ऑगस्टमध्ये, कोरड्या बुटांनी आला असणार. आकडा पाहू नका, आधीच्या शोधणाऱ्यांच्या हिवाळ्यातल्या नोंदी वाचा. कुणी ‘थोडा चिखल’ म्हटलं असेल तर गुडघ्यापर्यंत धरा.

लॉकपाशी (बोटी चढवण्या-उतरवण्याच्या दारांच्या जागी) शोधताना विटांना हात लावायचा नाही. नव्या दरजा कुणीतरी रविवारी गुडघ्यावर बसून भरलेल्या असतात. डबी विटेमागे असणार नाही, बहुधा खांबाच्या मागे किंवा मुळांच्या बेचक्यात असेल. सैल वीट दिसली म्हणून उपटून पाहणाऱ्यांनी हा छंद सोडावा.

लॉक्सवुडला रेल्वे नाही. बिलिंग्जहर्स्ट स्टेशन जवळचं, पण तिथून टॅक्सी करणार असाल तर भाडं आधी ठरवून घ्या. माझ्या बुटांकडे पाहून चालकानं गाडी धुण्याचे पैसेही लावले आणि घासाघीस करण्याइतकं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. ब्रॅमली-क्रॅनली भागात असाल तर सरळ डाउन्स लिंक पकडा. जुन्या रेल्वेमार्गावरची टणक वाट आहे. कालवा कमी दिसतो, पण पाय शाबूत राहतात.

पेनऐवजी पेन्सिल न्या, कारण डबीतल्या नाव लिहायच्या चिठ्ठीवर, ती ओली असेल तर, पेन उठत नाही. नॅनो (अगदी चिमुकल्या) डबीतली चिठ्ठीची गुंडाळी काढायला चिमटा हवाच. आणि जंगलातून बाहेर पडल्यावर गुडघ्यांच्या मागे, कमरेशी गोचीड बघा, घरी पोहोचेपर्यंत थांबू नका.