नोकरी सांभाळून घरचं स्वयंपाकघर चालू करताना

डोंबिवलीच्या आमच्या घरातून मी रविवारच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. सोमवार ते शुक्रवार फोर्टला एका कंपनीत अकाउंट्सचं काम, शनिवारी बाजार आणि तयारी, रविवारी सकाळी स्वयंपाक. ओळखीतल्या बायका भेटल्या की विचारतात, नोकरी आणि घर बघून हे जमवलंस कसं, सुरुवात कुठून केलीस? म्हणून सगळं नीट लिहून काढतेय.

स्वयंपाकाचं हे वेड आजीकडून आलं. ती लालबागला खानावळ चालवायची. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे आणि जेवायला अशा खानावळवालीकडे यायचे. पैसे पगार झाल्यावर, किराणा मात्र महिनाभर उधारीवर, वर सावकाराचं व्याज. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेतून कर्ज मिळवून दिलं. आजी त्यांचं नाव फार आदराने घ्यायची. 1982 च्या संपानंतर गिरणगाव रिकामं होत गेलं, तशी तिची खानावळही थांबली. पण तिची एक सवय तिच्या हातून शेवटपर्यंत सुटली नाही. रात्री ओटा पुसून झाला की उद्याचे तांदूळ आणि डाळ मोजून वेगळे काढायचे आणि मगच पाठ टेकायची. सकाळी उठल्यावर हात लगेच कामाला लागले पाहिजेत, विचार करायला थांबायला नको, असं ती म्हणायची.

मी सुरुवात केली ती याच सवयीपासून. भांडी आवरून झाल्यावर दहा मिनिटं वही घेऊन बसायचं आणि उद्या या कामातलं नेमकं काय करायचं ते एका ओळीत लिहायचं. ‘व्यवसाय सुरू करणे’ असं लिहिलं की रात्र जाते आणि काहीच होत नाही. ‘काजूचा भाव तीन दुकानांत विचारणे’ असं लिहिलं की ते संध्याकाळी स्टेशनवरून घरी येता येता होऊन जातं. पाव किलोचे डबे घाऊक कुठे मिळतात ते बघणे, सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र देणे, लाईट बिलाची प्रत काढणे, अशी बारीक कामं. दिसायला किरकोळ, पण एकामागून एक होत गेली आणि वर्षभराच्या आत माझं काम उभं राहिलं. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तेवढ्या वेळात हिशेब, नाही मिळाली तर उभ्या उभ्या मोबाईलवर आठवड्याच्या बाजाराची यादी.

दुसरी सवय ताटातल्या पदार्थांची. मला दहा-बारा पदार्थ चांगले येत होते, पण घरच्या चार माणसांसाठी अंदाजाने करणं वेगळं आणि पैसे घेऊन तीच चव दर वेळी देणं वेगळं. म्हणून ठरवलं, एका महिन्यात एकच पदार्थ. दर रविवारी तोच करायचा, सगळं काट्यावर तोलायचं, वेळ लिहायची. सासूबाई हाताच्या अंदाजाने करणाऱ्या, त्यांचा अंदाज कधी चुकत नाही. त्यांनी मूठभर घेतलं की मी ती मूठ काट्यावर धरायचे आणि ग्रॅम वहीत उतरवायचे. त्यांना या खेळात खूप रस आला. आता त्याच विचारतात, ‘तोललंस का गं?’

पहिला महिना सुरळीच्या वड्यांचा. पाहुण्यांसमोर ठेवल्या की सगळे विचारतात कुठून आणल्या, आणि साहित्य बघायला गेलं तर बेसन, ताक आणि वरून खोबरं-कोथिंबीर. एक वाटी बेसनाला एक वाटी आंबट दही आणि दोन वाट्या पाणी, म्हणजे तीन वाट्या ताक. हळद, हिंग, मीठ, आलं-मिरचीचा गाळलेला रस. बेसन ताकात कालवून सगळं चाळणीतून गाळून घ्यायचं, म्हणजे गुठळीचा प्रश्नच उरत नाही. ज्या ताटांवर पसरायचं ती ताटं पालथी घालून, पुसून, गॅसशेजारी आधीच मांडून ठेवायची. मग मध्यम आचेवर सतत ढवळत राहायचं.

खरी गोष्ट पुढे आहे. आठ-दहा मिनिटांत मिश्रण घट्ट होतं, चमकायला लागतं आणि कढईच्या कडा सोडू लागतं. तिथे चमच्याच्या टोकावर थोडंसं घेऊन ताटाच्या पाठीवर पातळ पुसायचं. अर्धा मिनिट थांबून कडेला नखाने उचलून बघायचं. चिकट लागून फाटलं तर अजून कच्चं आहे. सालासारखं अख्खं सुटून आलं, बोटाला चिकटलं नाही, की त्याच क्षणी गॅस बंद. इथून हातात फार वेळ नसतो, कारण कढईतलं मिश्रण गार व्हायला लागलं की पसरत नाही. उलथन्याने एका दिशेने ओढत जायचं, मागे-पुढे करायचं नाही. पापुद्रा इतका पातळ हवा की खालची ताटाची चमक दिसली पाहिजे. पाच मिनिटांनी सुरीने दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, खोबरं-कोथिंबीर भुरभुरायची, गुंडाळायच्या आणि वर मोहरी-तिळाची फोडणी. तेल ताटाला अजिबात लावू नये, असं माझं पक्कं मत झालंय. लावलं की पापुद्रा घसरतो आणि जाड बसतो.

महिना संपेपर्यंत हे सगळं हाताला इतकं बसलं की बोलता बोलता होऊ लागलं. साधा पदार्थ भारी दिसतो तो असा. त्यात महाग काही घालावं लागत नाही, एका ठिकाणची वेळ साधावी लागते.

पुढचा महिना मसालेभाताचा. यात मोठ्या प्रमाणाचं गणित कळलं. एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालतो, म्हणून दोन किलोला त्याच हिशेबाने घातलं तर भात मऊ होतो, कारण मोठ्या पातेल्यात वाफेवाटे पाणी त्या मानाने कमी उडतं. गोडा मसालाही सरळ पटीत वाढवायचा नसतो, मिठाचंही तसंच. म्हणून मी चार जणांचं, दहा जणांचं आणि वीस जणांचं माप वेगवेगळं करून बघितलं आणि तिन्ही वहीत लिहिली. तोंडली उभी चिरून आधी तेलावर परतून घेतली की भातात करकरीत राहतात. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवला की शीत मोडत नाही.

श्रीखंडाचं काम त्या मानाने निवांत. एक लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्याचा रात्रभर टांगून साधारण चारशे ग्रॅम चक्का मिळतो. तो पुरणयंत्रातून काढला की लोण्यासारखा होतो. बाजूला राहिलेल्या पाण्यात थालीपिठाचं पीठ भिजवते, फार खमंग होतात.

परवान्याबद्दल मैत्रिणींना सगळ्यात जास्त धास्ती असते, म्हणून तेही सांगते. मी 2022 मध्ये अर्ज केला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असेल तर मोठा परवाना लागत नव्हता, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, साधी नोंदणी पुरायची. त्याची फी वर्षाला 100 रुपये, आणि पाच वर्षांपर्यंतचे एकदम भरता यायचे. फोस्कॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर खातं उघडायचं, नमुना अ भरायचा, फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. हे करून देतो म्हणून हजारांत पैसे सांगणारे एजंट भेटतात. ज्याला मोबाईलवरून वीजबिल भरता येतं त्याला हा अर्जही भरता येतो. मी तो दोन संध्याकाळी मिळून भरला, एका संध्याकाळी कागद गोळा करून त्यांचे फोटो काढले आणि दुसऱ्या संध्याकाळी माहिती भरली. अर्ज आल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची, असा तेव्हा नियम होता. प्रमाणपत्रावर 14 आकडी क्रमांक असतो, तो डब्याच्या लेबलवर घालावा लागतो. प्रमाणपत्राची प्रत फ्रेम करून ओट्याच्या वर लावलीय. सासूबाईंनी तिला हळदीकुंकू वाहिलं.

अन्नसुरक्षेचं प्रशिक्षणही घेतलं, आणि ते मनापासून घ्यावं असं मी प्रत्येकीला सांगते. गरम अन्न 60 अंशांच्या वर, थंड अन्न 5 अंशांच्या खाली, मधल्या तापमानात ठेवायचं नाही, हा एक नियम मेंदूत बसला तरी अर्धं काम झालं. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात जे जंतू वाढतात त्यातल्या काहींचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आपण लहानपणापासून उरलेला भात सकाळी फोडणी घालून खात आलो, पण दुसऱ्याच्या लेकराला पैसे घेऊन जेवायला घालताना ही जबाबदारी फार मोठी आहे. म्हणून माझा मसालेभात साडेअकराला गॅसवरून उतरतो आणि साडेबाराच्या आत घरोघरी पोचतो. एप्रिल-मे मध्ये सुरळीच्या वड्यांवरचं ओलं खोबरं वेगळ्या छोट्या डबीत, थंड करून देते. खायच्या आधी भुरभुरा म्हणून सांगते.

पैशांचं थोडक्यात. वेगळं बँक खातं काढलं, येणारा प्रत्येक रुपया त्यात आणि खर्चही त्यातूनच. साहित्याचा खर्च विक्रीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहील असा भाव लावला. उरलेल्यात गॅस, डबे, पोचवायचं पेट्रोल आणि माझी मेहनत. आपल्या मेहनतीचे पैसे बायका धरतच नाहीत, मग दिवसभर राबूनही हाती काही उरत नाही आणि उमेद जाते. ते धराच. ऑर्डरी गुरुवारी रात्री बंद करते, नंतर कोणी कितीही जवळचं असलं तरी पुढच्या रविवारचं नाव लिहून घेते. या खात्यातल्या पैशांतून मागच्या वर्षी दुसरा फ्रीज घेतला, तो फक्त ऑर्डरींसाठी.

नवरा स्कूटरवरून डबे पोचवतो, मुलगी लेबलं लिहिते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आहे. सोमवारी ऑफिसला जाताना पाय दुखतात हे खरं, पण दुपारी कोणाचा तरी फोन येतो, ‘वड्या आईला फार आवडल्या, तिच्या माहेरची चव आली म्हणाली,’ आणि मग पुढच्या आठवड्याची यादी लिहायला हात आपोआप वहीकडे जातो.

यंदा गौरीच्या जेवणाच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत, म्हणून सध्या पुरणपोळीचा महिना चालू आहे. डाळ आणि गूळ समसमान घेऊन पुरण बसलंय. कणीक आणि मैदा निम्मे-निम्मे, की कणीक जास्त, यावर माझं आणि सासूबाईंचं अजून एकमत नाही. सकाळी केलेली पोळी संध्याकाळपर्यंत मऊ कोणाची राहते ते येत्या रविवारी दोन्ही करून बघणार आहोत.