गिअरबॉक्स उतरवण्याआधी : आमची वाटचाल

पुण्यात धायरीतल्या आमच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीच्या शेडमध्ये शिरलं की उजव्या हाताला एक फळी दिसते. तिच्यावर काचेच्या छोट्या बाटल्या ओळीने मांडून ठेवल्या आहेत. प्रत्येक बाटलीत कुठल्या तरी ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधून काढलेलं तेल आहे आणि वर चिकटपट्टीवर तारीख, गाडीचं साल, किलोमीटर लिहिले आहेत. काही बाटल्या लालभडक, काही विटकरी, काही चहाच्या चोथ्यासारख्या, दोन अगदी काळ्या आणि एक गुलाबी, दुधाळ. नवा मुलगा कामाला लागला की पहिले पंधरा दिवस त्याच्या हातात पाना देत नाही. त्याने या बाटल्या उघडायच्या, वास घ्यायचा, दोन बोटांत तेल चोळून बघायचं. चांगलं तेल कसं असतं ते कळलं, की बिघडलेलं आपोआप ओळखू येतं. मला माझ्या उस्तादांनी हे असंच शिकवलं.

मी मूळचा कराडजवळच्या गावचा. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि १९९४ साली पुण्यात आलो. नाना पेठेतल्या एका गॅरेजात काम मिळालं. तिथले उस्ताद बरीच वर्षं कुवेतला होते. १९९० च्या युद्धात सगळं तिथेच सोडून नेसत्या कपड्यांनिशी परत आले होते. तिकडे त्यांच्या हाताखालून मोठमोठ्या अमेरिकन गाड्या गेलेल्या, सगळ्या ऑटोमॅटिक. पुण्यात तेव्हा असली गाडी दारात आली की बाकीचे गॅरेजवाले हात जोडायचे, "ऑटोमॅटिक? नको बुवा." म्हणून त्या सगळ्या फिरत फिरत उस्तादांकडे यायच्या. १९९५ पासून मर्सिडीजच्या गाड्यांची जुळणी पुण्यातच होऊ लागली, पुढे झेनमध्ये तीन गिअरची ऑटोमॅटिक आली, मग हळूहळू सिटी, कोरोला. काम वाढत गेलं, पण ते करणारे हात वाढले नाहीत.

उस्तादांची एक पद्धत होती. गाडी आली की ते पहिल्यांदा मालकाला बोलू द्यायचे. झटका कधी बसतो, थंड असताना की तापल्यावर? पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना, की उभ्या गाडीत डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकल्यावर? रिव्हर्स नीट लागतो का? रिव्हर्स ठणठणीत आणि पुढचे गिअर स्लिप, असं असेल तर आतला तेलाचा पंप बरा असणार, हे ते गाडीला हातही न लावता सांगायचे. त्यानंतर डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी. तीही कुठल्या गाडीची कशी बघायची याचे नियम वेगळे. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, होंडामध्ये मात्र गाडी पूर्ण तापवून, इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटाच्या आत. हे माहीत नसल्यामुळे तेल कमी समजून वर ओतलेल्या कितीतरी गाड्या आमच्याकडे आल्या. जास्त झालेलं तेल आत घुसळून फेसाळतं, फेसाला दाब धरता येत नाही आणि चांगला गिअरबॉक्स स्लिप व्हायला लागतो. उपाय काय, तर जादा तेल काढून टाकणं.

२००४ साली मी स्वतःचं सुरू केलं. भिशीचे पैसे आणि पतसंस्थेचं एक लाखाचं कर्ज, भाड्याची पत्र्याची शेड, एक पिट. हिशेब बायको बघायची, आजही तीच बघते. पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती इथे लिहिणं मला महत्त्वाचं वाटतं.

एका चार गिअरच्या गाडीची व्हॉल्व्ह बॉडी साफ करायला काढली होती. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे या गिअरबॉक्सचा मेंदू. तळहातापेक्षा थोडा मोठा अॅल्युमिनियमचा ठोकळा, आत गल्लीबोळांसारख्या वाटा. त्या वाटांतून तेलाचा दाब कुठे सोडायचा, कुठे अडवायचा हे छोटे व्हॉल्व्ह ठरवतात. दोन ठोकळ्यांच्या मधे पातळ पत्रा असतो आणि काही खोबणींत वाटाण्याहून लहान स्टीलच्या गोळ्या. मी घाईत ती टेबलावर उलटी उघडली. गोळ्या घरंगळल्या. पाच सापडल्या, पाच बसवल्या आणि जुळलं असं समजून गाडी दिली. दुसरा गिअर असा आदळायला लागला की मागच्या सीटवरच्या माणसाची मान हिसकायची. तीन दिवसांनी रॉकेलचा ट्रे धुताना लोहचुंबकाला सहावी गोळी चिकटून वर आली.

मालकांना फोन करून जे झालं ते तसंच सांगितलं. गाडी परत आणली, गिअरबॉक्सखालचं तेलाचं चेंबर पुन्हा उतरवलं, नवं पॅकिंग, नवं तेल, सगळं माझ्या खर्चाने. ते गृहस्थ अजून आमच्याकडे येतात. त्या दिवसापासून व्हॉल्व्ह बॉडी उघडण्याआधी पुठ्ठ्यावर तिची रेघ काढायची आणि प्रत्येक गोळीची जागा मार्क करायची, हा आमचा नेम आहे. आता मोबाइलवर फोटोही काढतो, पण पुठ्ठा सोडलेला नाही.

मात्र आमच्या कामाला खरं वळण लागलं ते २००८ च्या सुमारास, एका जुन्या जर्मन पेट्रोल गाडीमुळे. मागून पांढरा धूर निघत होता, गिअर धडाधड पडत होते. दुसऱ्या गॅरेजात मालकांना सांगण्यात आलं होतं की इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही काम मागतंय. आकडा ऐकून ते गाडी भंगारात द्यायला निघाले होते. मी इंजिनचं तेल बघितलं, बरोबर होतं. गिअरबॉक्सचं बघितलं, खूप कमी. पण खाली एक थेंब गळती नाही. तेल जातंय कुठे?

त्या जुन्या गिअरबॉक्सच्या बाजूला व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची एक पत्र्याची डबी असते. आत रबरी पडदा. इंजिनवर किती भार आहे, ते व्हॅक्यूमच्या ओढीवरून ती गिअरबॉक्सला कळवते आणि त्याप्रमाणे गिअर मऊ पडायचा की जोरात ते ठरतं. पडदा फाटला की ओढ नीट पोचत नाही, म्हणून दणके. आणि इंजिनपासून डबीपर्यंत येणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीतूनच इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं, म्हणून धूर. मी ती नळी उपसली आणि पांढऱ्या फडक्यावर झटकली. लाल थेंब पडले. एक डबी बदलली, तेल भरलं, धूर गेला, दणकेही गेले.

गाडी घेऊन जाताना मालकांचा चेहरा पाहिला आणि मी मनाशी ठरवलं: आपल्या शेडमध्ये सगळं तपासून झाल्याशिवाय गिअरबॉक्स उतरणार नाही.

त्या ठरवण्याचा व्यवहार सोपा नव्हता. उतरवलेल्या गिअरबॉक्सचे पैसे मिळतात. "तुमचा गिअरबॉक्स ठीक आहे" एवढं सांगण्याचे कोण देणार? म्हणून तपासणीचा दर लावला. आज तो १,५०० रुपये आहे, काम आमच्याकडे केलं तर बिलातून वजा. सुरुवातीला लोक म्हणायचे, "दादा, नुसतं बघायचे पैसे?" आता बरेच जण तेवढ्यासाठीच गाडी आणतात, विशेषतः जुनी गाडी विकत घेण्याआधी. तसं आणावंच, माझा आग्रह आहे.

तपासताना सापडतं काय? डी टाकल्यावर धक्का, आणि फाटलेलं असतं इंजिनचं माउंटिंग. गाडी तिसऱ्यावर अडकलेली, आणि कारण निघतं बॅटरीजवळची गंजलेली अर्थिंगची वायर. व्होल्टेज घसरलं की गिअरबॉक्सचा कंट्रोलर गोंधळतो आणि स्वतःला वाचवायला एकाच गिअरवर थांबतो. लिव्हर पी (पार्किंग) मधून हलतच नाही, तर ब्रेकलाइटचा स्विच गेलेला. चढावर थरथर, तर प्लग मिस होतोय. काही जुन्या गाड्यांत तर तेल वायरिंगच्या आतून वर चढत चढत थेट कंट्रोलरच्या कनेक्टरपर्यंत पोचतं; कारण असतं गिअरबॉक्सवरच्या प्लगची काही रुपयांची ओ-रिंग.

हे सगळं बघून झालं आणि उत्तर मिळालं नाही, तर मग तेलाच्या दाबाचं मीटर लावतो. त्यानंतर स्टॉल टेस्ट. ही मात्र घरी कुणी करू नये. ब्रेक गच्च दाबून, डी मध्ये, पूर्ण अॅक्सिलरेटर, जास्तीत जास्त पाच सेकंद. इंजिनाचे फेरे ठरल्यापेक्षा वर गेले तर आत क्लच प्लेट घसरतायत. ठरल्यापेक्षा खाली राहिले तर इंजिन कमजोर, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या, आतला एका दिशेचा क्लच गेला. पाच सेकंदांपेक्षा जास्त धरलं तर तेल भाजून निघतं. एका गाडीवर दोन टेस्टच्या मधे आम्ही न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल थंड होऊ देतो.

तेल बदलण्याबद्दल आमचं मत कंपनीवाल्यांपेक्षा वेगळं आहे, ते स्पष्ट सांगतो. "आयुष्यभर बदलायला नको" असं म्हटलेलं तेल आम्ही आमच्या इथल्या गर्दीत, उन्हाळ्यात आणि घाटात आयुष्यभर टिकलेलं पाहिलेलं नाही. त्याच वेळी, कधीच तेल न बदललेल्या जुन्या गाडीला मशिन लावून जोरात फ्लशिंग करायलाही आमचा विरोध आहे. बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतो. चेंबर उतरवलं तरी साधारण निम्मंच तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोड्या थोड्या किलोमीटरच्या अंतराने दोन-तीन वेळा बदलतो. चेंबरमधल्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती रोजची झीज आहे. चमकणारे कण दिसले, तर मग बसून बोलावं लागतं.

२०१९ हे वर्ष मी विसरणार नाही. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं, नात्यागोत्यातल्या लोकांच्या गाड्या टेम्पोवर घालून आमच्याकडे आल्या. सप्टेंबरच्या २५ तारखेच्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याने हाहाकार केला. फळीवरची गुलाबी बाटली तेव्हाची. लाल तेलात पाणी मिसळलं की ते असं दिसतं. रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटला तरी असंच होतं. क्लच प्लेटवरचं अस्तर कागदासारखं असतं, डिंकाने चिकटवलेलं. पाण्याने ते सुटतं. ज्यांनी गाडी सुरू न करता आणली, त्यांचे गिअरबॉक्स वाचले. ज्यांनी "चालू होते का बघू" म्हणून किल्ली फिरवली, किंवा पुढची चाकं जमिनीवर ठेवून टोचन करून आणली, त्यांचं नुकसान जास्त झालं. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, तेल पोचत नाही, आणि चाकं मात्र आतले भाग कोरडेच फिरवत राहतात. ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर टोचन नको, गाडी उचलून नेणारी मागवा, हे मी भेटेल त्याला सांगतो.

२०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि रस्त्यावर क्लच नसलेल्या गाड्या एकदम वाढल्या. ते काम वेगळं आहे. आत साधाच गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट, फक्त दाबणारा पाय यंत्राचा. आम्ही ते घेत नाही, दोन क्लचवालेही घेत नाही. जे येतं तेवढंच करायचं. मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून २०२१ पासून कामात आहे. स्कॅनरवर सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा, करंट आणि शाफ्टचा वेग बघून ती जे सांगते, ते मला पूर्वी ट्रायल मारून कळायचं. कधी आमचं जुळत नाही. मग दोघेही पुन्हा पहिल्यापासून तपासतो.

मागच्या डिसेंबरात एक मॅडम त्यांची झेन ऑटोमॅटिक घेऊन आल्या. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांच्या डाव्या पायात जोर नाही. पंचविशी ओलांडलेली ती गाडी म्हणजे त्यांचं शाळेत शिकवायला जाणं, आईला दवाखान्यात नेणं, सगळं. सकाळी डी टाकला की गाडी दहा-बारा सेकंद जागची हलायची नाही. तापली की व्यवस्थित. "विकून टाका, पार्ट मिळत नाहीत," असं त्यांना दोन ठिकाणी सांगून झालं होतं.

तेल चांगलं, लेव्हल बरोबर, वायरिंग नीट, मुख्य दाबही पुरेसा. म्हणजे पंप धडधाकट. राहिलं एकच: क्लचच्या पिस्टनची रबरी सील वयाने कडक झालेली. थंडीत ती भिंतीला टेकत नाहीत आणि दाब निसटतो. यावेळी गिअरबॉक्स उतरवावाच लागणार होता. उतरवला. सील नखाने दाबलं तर प्लास्टिकसारखं टक वाजलं. मूळ सील कुठेच मिळेना; कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन चकरा झाल्या. शेवटी मुलीने व्हर्निअरने माप घेतलं आणि भोसरीत हायड्रॉलिक सील करून देणाऱ्याकडून, या तेलात टिकणाऱ्या रबराची तयार करून घेतली.

बसवल्यावर, गिअरबॉक्स बंद करण्याआधी, तेलाच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडून बघतात. सील गळत असेल तर नुसतं सूंऽऽ ऐकू येतं. आम्ही हवा सोडली. आतून दबका, भरीव आवाज आला: ठप्. सोडली, ठप्. शेडमधले सगळे हातातलं काम टाकून जवळ आले होते.

गाडी मुद्दाम रात्रभर उघड्यावर थंड होऊ दिली. मॅडम सकाळी साडेसहाला रिक्षाने आल्या. स्वतः बसल्या, इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबून लिव्हर डी वर आणला. गाडीने किंचित अंग उचललं. ब्रेक सोडला तशी ती सरळ गेटकडे निघाली. त्यांनी काच खाली केली.

"बिल व्हॉट्सअॅपवर पाठवा हं दादा," त्या म्हणाल्या, "पहिला तास माझाच आहे."