जामघाटात पिशवीला भोक, आणि १३ मिलीमीटरचा हिशेब

मागच्या वेळी सायकलला २५ऐवजी २८ मिलीमीटर रुंदीचे टायर बसले म्हणून मी केवढा मिरवलो होतो! ते मिरवणं महागात पडलं.

इंदूर–महू–जामगेट–मंडलेश्वर–महेश्वर, एक मुक्काम, ठरल्याप्रमाणे निघालो. सॅडलबॅग, म्हणजे सीटमागे लटकणारी पिशवी, तीच १४ लिटरवाली, आत साडेचार किलो. महूपर्यंत मजेत. जामगेटच्या अहिल्याबाईंच्या दरवाजाखाली फोटो झाला आणि घाट उतरायला लागलो. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर मागून ‘सुर्रर्र’. ब्रेक घासतोय असं वाटलं. मग वास आला. उतरून बघतो तर बॅगेच्या बुडाला रुपयाएवढं भोक. टायरनं बॅग खाल्ली, आतली पॉलिथिन खाल्ली, पंचाचा कोपरा खाल्ला आणि शेवटी लौंग शेवेच्या पुडीपर्यंत पोचला. मागच्या चाकावर शेवेचा पिवळा पट्टा! पुढचं सगळं अंतर बॅग पाठीला बांधून. महेश्वरच्या घाटावर बसून उरलेली शेव खाल्ली, थोडी रबराची चव होती.

डोकं खाणारा प्रश्न वेगळाच. हीच बॅग, एवढंच वजन, महिन्यापूर्वी महूला जाऊन-येऊन ४५ किलोमीटर झाली होती. एकदाही टेकली नव्हती. मग आताच काय झालं?

दोन दिवस मी बॅगेलाच शिव्या देत होतो. पट्टे ढिले झाले असतील, वेल्क्रो दमलं असेल. (तसं ते दमलंच आहे. विकणाऱ्यानं ‘अजिबात हलणार नाही’ म्हणून छापलं होतं. पहिल्याच स्पीडब्रेकरला हलली.) आमच्या नेहमीच्या मिस्त्रीनं एका वाक्यात निकाल दिला, “भिया, लटकाओगे तो हिलेगा ही.” बरोबर आहे, पण हलत तर आधीही होती.

शेवटी टेप घेऊन बसलो. सॅडलच्या रेलपासून (सीटखालच्या दांड्यांपासून) टायरच्या माथ्यापर्यंत आता १७३ मिलीमीटर. आणि जुन्या वहीत, बॅग घ्यायच्या आधी स्वतःच्याच हातानं लिहिलेलं: १८६. तेरा मिलीमीटर गेले कुठे? तीन खाल्ले टायरनं. २५चा २८ केला की टायर रुंदीबरोबर उंचीलाही तेवढाच वाढतो, हे मला कळायला हवं होतं. आणि दहा मी स्वतः दिले, गुडघा दुखतो म्हणून सॅडल एक सेंटिमीटर खाली घेतलं तेव्हा. भरलेली बॅग १६५ खाली लोंबते. म्हणजे आधी २१ची जागा होती, आता ८ची. खड्ड्यात बॅग आठ मिलीमीटर तर सहज उसळते. घाटात वेग, वर डांबर उखडलेलं. झालं काम.

माझ्यासारखी ५२ची, म्हणजे लहान मापाची फ्रेम असणाऱ्यांनो, लिटर बघून बॅग घेऊ नका. आधी रेल ते टायर मोजा. उंच माणसांना हे दुःख नाही, त्यांचा सल्ला या बाबतीत ऐकू नये.

उपाय काय? सॅडल वर घेणार नाही, गुडघ्याशी तडजोड नाही. सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) आवळायचं कॅरिअर मित्राकडून आणून पाहिलं, खाली छोटे पॅनिअर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, लावले. चेनस्टे (पेडलच्या धुरीपासून मागच्या चाकापर्यंतचा दांडा) ४१० मिलीमीटर आणि बूट ४३ नंबरचा, पेडलच्या प्रत्येक फेरीला टाच पॅनिअरवर ठक्. पॅनिअर मागे सरकवले तर सगळं शेपूट डोलतं. ‘मग स्टीलची टूरिंगच घे ना’ असं म्हणणारे आहेत. चालवून पाहिली, ४५०चा चेनस्टे, फ्रेमवर कॅरिअरची भोकं, पॅनिअरला स्वर्ग. पण दोन रात्रींच्या कपड्यांसाठी एवढं लोखंड वर्षभर ओढायचं? नाही पटत.

म्हणून बॅगेखाली आधार. सॅडलच्या रेलला पकडणारी, मागे इंग्रजी यू-सारखी वळवलेली सळई, बॅग तिच्यावर झोपेल. लोहामंडीजवळच्या वेल्डरनं ८ मिलीमीटरची घ्या म्हटलं. आमचा भाचा सिव्हिलवाला, त्यानं लगेच सळईच्या वजनाचं साइटवरचं सूत्र काढलं: मिलीमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. आठची ३९५ ग्रॅम, सहाची २२२. आपल्याला ९० सेंटिमीटर पुरते, म्हणून सहाची, २०० ग्रॅम. ॲल्युमिनिअम आणखी हलकं, पण सतत थरथरीनं ते थकतं आणि न सांगता तुटतं. घाटात मला तसलं सरप्राइज नको. वेल्डरनं मागचं टोक जरा वर उचलून दिलं, हे मला सुचलं नव्हतं. पैसे घेतले चहाइतके. बसवलं, बॅग भरली, हातानं धरून हिसका दिला. हलत नाही! संध्याकाळभर मी उगाच जिन्याखाली जाऊन हिसके देत होतो.

भोकाला मोच्यानं आतून रेक्झिनचं ठिगळ लावलंय, मूळ कापडापेक्षा मजबूत.

गिअरचं दुखणं आहेच. येताना निमाडातून माळव्यावर चढायचं, सगळ्यात हलक्या गिअरला (पुढे ३४ दाते, मागे २८) अर्धा जामघाट सायकल ढकलत आणली. ११ ते ३४ दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) हवी, पण माझा शिमानो क्लॅरिसचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा, २८च्या वर घेत नाही. म्हणजे लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि लांब चेनही. पुढच्या पगारात.

आणि हे लिहिता लिहिता सुचतंय: हत्यारं, दोन ट्यूब, चेनचं तेल, हे सव्वा किलो मी मागे का टांगतोय? खालच्या बाटलीच्या जाळीत रुंद तोंडाची बाटली ठेवून तिच्यात सगळं जाईल. बॅग सव्वातीन किलोवर येईल. ओंकारेश्वरच्या पुढच्या फेरीची तारीख मग एक आठवडा पुढे ढकलतो, आधी चाचणी. रविवारी सिमरोलवरून भेरूघाट उतरून चोरलपर्यंत, बॅगेत मुद्दाम पाच किलो तांदूळ.

तांदूळ बायकोनं मोजून दिलेत. दुपारपर्यंत डब्यात परत, आणि पुडीला भोक पडलं तर निवडायचे मी.