सासऱ्यांची दुनळी

लियोंजवळच्या माझ्या सासुरवाडीत एक जुनी दुनळी बंदूक आहे. सासऱ्यांच्या वडिलांची, दुसऱ्या महायुद्धाआधीची, फ्रान्समधल्याच सेंत-एतिएन शहरातली. मागल्या वर्षी मी ती पुसत होतो तेव्हा नळ्यांच्या खालच्या अंगाला बारीक शिक्का दिसला: 12-65. म्हणजे बारा बोअर (नळीच्या रुंदीचं माप) आणि 65 मिलिमीटरचं चेंबर, नळीत मागे काडतूस बसतं ती जागा. आणि शेजारच्या डब्यातली काडतुसं होती 12-70 ची.

काडतूस घालून पाहिलं तर अलगद बसलं. गोची तिथेच असते, असं बंदुकीच्या कारागिराने सांगितलं. डब्यावरचा आकडा झाडलेल्या काडतुसाच्या लांबीचा. न झाडलेल्याचं तोंड मुडपलेलं असतं, म्हणून ते 65 च्या चेंबरमध्ये मावतं. बार उडाला की तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब चढतो. सासरे पंधरा वर्षं तीच झाडत होते. ‘काही झालं का?’ हा त्यांचा युक्तिवाद.

मग तपासणी. कारागिराने नळ्या सोडवल्या, एका बोटावर टांगल्या आणि लाकडी दांडीने टकटक केलं. आई मडकं घेताना टिचकी मारून बघायची, अगदी तसं. आवाज बद्द आला तर नळ्यांमधल्या पट्टीचा डाख सुटलाय. आमच्या खणखणल्या. मोजमापात मात्र डावी नळी अडकली: शिक्का 18.2 मिलिमीटर आतल्या व्यासाचा, मोजल्यावर भरले 18.4. कुणीतरी कधीतरी गंज घासून काढला होता. सगळ्यात पातळ जागी पोलाद उरलं होतं 0.7 मिलिमीटर. एटीएम कार्डसुद्धा याहून किंचित जाड असतं!

चेंबर कोरून 70 चं करता येईल का, हे मी विचारलं. ‘आहे तोच धातू कशाला कमी करता?’ म्हणाला. मुकाट्याने 65 वरच फेरचाचणी करायचं ठरलं.

बंदूक सेंत-एतिएनच्या चाचणीगृहात गेली. बारा बोअरच्या साध्या काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा 740 बार (बार हे दाबाचं एकक). स्कूटरच्या टायरमध्ये दोनेक बार असतात, म्हणजे विचार करा. चाचणीचं काडतूस त्याहीपेक्षा किमान तीस टक्के जास्त जोराचं. ते दोन्ही नळ्यांतून झाडतात, माणूस आडोशाला, आणि मग नळी कुठे फुगली का ते पुन्हा पाहतात.

काही आठवड्यांनी बंदूक परत आली. जुन्या शिक्क्यांशेजारी नवा, चकचकीत. ‘बाबांच्या बंदुकीवर ओरखडा काढला,’ म्हणून सासरे दोन दिवस घुश्शात.

रविवारी रेंजवर हवेत उडवलेल्या चकत्या टिपायला 65 ची काडतुसं घेऊन गेलो. सासऱ्यांनी बंदूक उघडली, भरली, क्षणभर पाहिली आणि म्हणाले, ‘पहिला बार तू काढ.’