तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीची प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ?

हाशिमोटोचं, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते त्या आजाराचं, निदान झालं, थायरॉइड संप्रेरकाची (हार्मोनची) गोळी सुरू झाली, की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. अक्कलकोटहून आलेले विचारतात, बार्शीचे विचारतात, स्वतः शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आयाही विचारतात. "मॅडम, प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणूनच थायरॉइड झाला ना? मग ती वाढवायला काय देऊ?" पाठोपाठ पिशवीतून काढा, गुळवेल, अश्वगंधा, कुठलीशी पावडर बाहेर येते. दोन मिनिटांत दिलेलं उत्तर कधीच पुरत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

तुमच्या मुलीची प्रतिकारशक्ती कमी नाही. त्या शक्तीला वेळेवर थांबवणाऱ्या पेशींचं काम कमी पडतंय.

या गैरसमजात माझाही वाटा आहे. "शरीराची फौज आपल्याच माणसांवर उलटली" असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. फौज म्हटलं की ऐकणाऱ्याला ती बळकट करावीशी वाटणारच. मग "शक्ती जरा जास्त झालीय" असं म्हणून पाहिलं, तर "मग कमी करायचं औषध द्या" अशी मागणी सुरू झाली. दोन्ही वाक्यं चुकीची होती. खरं तर सोलापुरात उदाहरण शोधायला लांब जायला नको होतं. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. ती थांबवणारी यंत्रणा बिघडली तर माग चालत राहतो आणि कापड वाया जातं. अशा वेळी कोणी मोठी मोटर बसवत नाही.

हे मी कल्पनेने सांगत नाही. १९६९ साली जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांच्या पिल्लांची थायमस ग्रंथी काढली. छातीत हृदयाच्या वर असलेली ही ग्रंथी म्हणजे टी पेशींची, प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशींची, शाळा. शाळाच काढली तर प्रतिकारशक्ती दुबळी व्हावी, हा सरळ हिशेब. झालं उलटंच. माद्यांचे बीजांडकोश नष्ट झाले. हीच शस्त्रक्रिया सातव्या दिवशी केली तर काही होत नव्हतं. आधी वाटलं की थायमसमधलं एखादं संप्रेरक कमी पडलं असावं. पुढे शिमोन साकागुची यांनी हा धागा पकडला. अशा पिल्लांना निरोगी मोठ्या उंदराच्या टी पेशी दिल्या तर बीजांडकोश वाचतात, हे दिसून आलं. म्हणजे टी पेशींमध्ये काही हल्ला करणाऱ्या आहेत, तर काही हल्ला आवरणाऱ्या, आणि या आवरणाऱ्या पेशी थायमसमधून जरा उशिरा बाहेर पडतात. तिसऱ्या दिवशी ग्रंथी काढली की पहिल्या बाहेर पडलेल्या असतात, दुसऱ्या आतच राहतात. १९९५ साली साकागुचींनी या आवरणाऱ्या पेशींची खूण दाखवली, सीडी-२५. ही खूण असलेल्या पेशी वगळून उरलेल्या टी पेशी, स्वतःच्या टी पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या, तेव्हा त्यांच्या थायरॉइडवर, जठरावर, बीजांडकोशांवर हल्ला झाला. वगळलेल्या पेशी परत दिल्या की हल्ला टळला. यांनाच नियामक टी पेशी म्हणतात. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल याच शोधमालिकेला मिळालं, साकागुचींसोबत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना. या दोघांनी फॉक्सपी-३ हे जनुक शोधलं. ते बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि थायरॉइडचा आजार होतो.

आणखी एक पुरावा सांगते. कॅन्सरवरची काही नवी औषधं प्रतिकारशक्तीचे ब्रेक मुद्दाम सैल करतात, म्हणजे तुम्ही मागता ते खरोखरच करतात. त्यांचा नेहमी दिसणारा एक दुष्परिणाम म्हणजे थायरॉइडचा दाह.

तरीही सगळं उलगडलं आहे असं मी म्हणणार नाही. हाशिमोटो असलेल्या मुलांच्या रक्तात नियामक पेशी मोजल्या तर काही अभ्यासांत त्या कमी दिसतात, काहींत नेहमीएवढ्याच, फक्त कामात कमी पडलेल्या. सोबत दाह वाढवणाऱ्या टीएच-१७ पेशी वाढलेल्या आढळतात. म्हणून "नियामक पेशी वाढवा" हेही मी सांगू शकत नाही. त्यासाठी थायरॉइडच्या मुलांना देण्याजोगं औषध आज नाही. स्टिरॉइड देऊन सगळीच प्रतिकारशक्ती दाबायची, तर नुकसान जास्त. ग्रंथी बनवत नाही ते संप्रेरक गोळीतून तंतोतंत देता येतं, हे त्यापेक्षा कितीतरी चांगलं.

म्हणून माझा सगळा जीव त्या गोळीत अडकतो. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा ते एक तास दूध नाही, चहा नाही. सातची शाळा असेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी द्या, पण वेळ रोज तीच ठेवा. ही गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर हवंच. ती आतड्यात गोळीला धरून ठेवतात आणि डोस वाया जातो. भाकरी, शेंगाचटणी खुशाल खाऊ द्या, गोळीनंतर तासाभराने. गोळी २५ अंशांखाली ठेवायची असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. ओट्यावर, खिडकीत, गाडीत बाटली नको. माठाजवळच्या ओलसर कोनाड्यातही नको. आतल्या खोलीतलं बंद कपाट बरं. उन्हाळ्यानंतर टीएसएच (थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) चढलेला दिसला, तर डोस वाढवण्याआधी बाटली कुठे होती ते मी विचारते.

सर्वांत घातक वाक्य म्हणजे "बंद करून आठ दिवस झाले, काही झालं नाही." होणार नाहीच. या संप्रेरकाचं अर्धं आयुष्य सुमारे सात दिवसांचं आहे, आठव्या दिवशीही जवळपास अर्धं अंगात असतं. काढ्याचा गुण आला असं वाटतं ते याच दिवसांत. मग बद्धकोष्ठ, थंडी, सुस्ती हळूहळू येतात आणि उंची थांबते. सात-आठ वर्षांच्या मुलीची उंची वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर वाढायला हवी. भिंतीवर पेन्सिलने खूण करा, दर तीन महिन्यांनी बघा. शरीर फार काळ या संप्रेरकाविना राहिलं तर गेलेली उंची पुढे पूर्ण भरून निघतेच असं नाही. यासाठी मी चिडते. टॉनिकवर माझा राग नाही.

"मग आयुष्यभर का?" काही मुलांची ग्रंथी सावरते. वाढ पूर्ण झाल्यावर, देखरेखीखाली, गोळी थांबवून पाहता येते. कोणाची सावरेल ते आज सांगता येत नाही, आणि मी खोटा दिलासा देणार नाही. लसी मात्र सगळ्या द्या, वेळेवर.

आणि ती पावडर देतच असाल तर लपवू नका. अश्वगंधेने संप्रेरकाची पातळी वर गेल्याच्या नोंदी आहेत, समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत आयोडीन बेसुमार असतं. केसांसाठीच्या बायोटिनने तर रिपोर्टच फसतो: टीएसएच खोटा कमी दिसतो आणि डोस नको तेव्हा उतरवला जातो. रक्त देण्याआधी दोन दिवस ते बंद ठेवा. तपासणीला येताना बाटली सोबत आणा, मागचं लेबल आपण दोघी मिळून वाचू.