मार्च एंडचं डांबर

आमच्या गल्लीत काल रात्री साडेअकराला रोलर आला, झोपेचं खोबरं झालं पण म्हटलं चला, 31 मार्चच्या आत बिल निघायचंय म्हणजे रस्ता होणार!

महापालिकेचं गणित सोपंय खरं तर. नवा रस्ता हा भांडवली खर्च (म्हणजे नवं काही उभारायचा), खड्डे बुजवणं महसुली (म्हणजे रोजच्या देखभालीचा), दोन्हीची बजेटमधली हेड, म्हणजे खाती, वेगळी. नव्या रस्त्याचं उद्घाटन होतं, नारळ फुटतो, फ्लेक्स लागतो. खड्डा बुजवल्याचा फ्लेक्स कोणी लावलाय का कधी? म्हणून देखभालीला पैसे कमी पडतात, मग वर्षाच्या मधे वर्गीकरण करून एका कामाचा निधी दुसरीकडे फिरवायचा. आणि पावसात हॉटमिक्स, म्हणजे खडी-डांबराचं गरम मिश्रण, टिकत नाही, त्यामुळे एस्टिमेट, टेंडर, वर्क ऑर्डर हे सगळं दिवाळीच्या आसपास उरकलं नाही तर काम थेट मार्चवर जातं.

पुण्यात 2006 पासून नागरिकांना आपल्या भागातली कामं बजेटसाठी सुचवता येतात, आयडिया झकास आहे, पण फॉर्म भरायचा असतो हे किती जणांना माहितीय देव जाणे.

असो. सकाळी दूध आणायला गेलो तर डांबर अजून कोमट, चपलेला चिकटत होतं, ड्रेनेजची झाकणं चार बोटं खाली गेलेली, आणि कोपऱ्यावर एक माणूस चुन्याने सरळ रेघ मारतोय. विचारलं, कशाची हो?

म्हणाला, "केबल टाकायचीय साहेब, सोमवारी खोदणार."