नंदीची मान अडली

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पोरांच्या पोळ्याच्या, दिवशी सकाळी साडेनऊला आमच्या नंदीनं मान खाली घातली, ती वर यायचं नाव घेईना. मोटर नुसती घूं करत होती, हात लावला तर चटका. मिरवणूक चार वाजता.

आधी नंदी कसा आहे ते सांगतो. वर्धा जिल्ह्यात, सिंदी रेल्वे या गावाकडे तर विशेषच, तान्ह्या पोळ्याला मोठमोठे लाकडी नंदी निघतात. आमच्या वेल्डिंगच्या दुकानातला नंदी लोखंड, बांबू आणि कागदाचा आहे, वशिंडापर्यंत साडेसहा फूट. मान हलवतो, रवंथ करतो, कान-शेपूट झटकतो. चालत मात्र नाही; चाकांच्या गाड्यावर उभा असतो आणि पोरं दोरीनं ओढतात. हे मुद्दामच. दोनशे किलोचं धूड पोरांच्या गर्दीत आपल्या जोरानं चालवायचं धाडस करू नये.

गाडा ४० मिमी चौकोनी पाइपचा, सांगाडा २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा. हा वीस फुटी पाइप सात किलोच्या आसपास भरतो. एवढ्या पातळ पाइपला वेल्डिंगचा अडीच मिमीचा रॉड लावला की भोकं पडतात. दोन मिमीचा रॉड आणि ४५-५० अँपिअर पुरतात. श्रावणात रॉड ओल धरतात, मग ठिणग्या उडतात आणि जोडात बुडबुडे राहतात. आम्ही ते चुलीजवळ ठेवतो. अंगावर बांबूच्या कमच्या, त्यावर खळीत बुडवलेल्या कागदाचे आठ थर. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचंच, नाहीतर पंधरा दिवसांत बुरशी. शिंगं शेतातल्या पीव्हीसी पाइपची. वाळू ठासून गरम केली तरच वाकताना चपटत नाहीत.

मानेला कारच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर आहे. तिच्या आखावर ६ सेंटिमीटरचा हात, तिथून दांडी मानेच्या १५ सेंटिमीटरच्या दांड्याला. त्यामुळे मान एकूण ४७ अंशांच्या आसपास हलते आणि मोटरचा जोर मधल्या स्थितीत अडीचपट होतो. मोटर फिरते मिनिटाला ४५ फेरे. बैल असा मान हलवत नाही, असं हलतं ते शिलाई मशीन. म्हणून आर्डुइनोत, म्हणजे मोटर चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डात, वेगाचा आकडा २५५ पैकी ८५ ठेवला. मिनिटाला पंधरा वेळा, रुबाबात.

पण वेग असा कमी केला की जोरही तेवढाच कमी होतो, आणि घोडं तिथंच अडतं. डोकं ९ किलोचं, त्याचा भार मानेच्या खिळीपासून ७० सेंटिमीटरवर. हे नुसत्या मोटरनं उचलायचं नसतं. खिळीच्या मागं, छातीच्या पोकळीत, ३५ सेंटिमीटरवर १८ किलोचं भंगारातलं लोखंड बसवलंय. नऊ सत्ते त्रेसष्ट आणि तिकडं अठरा गुणिले साडेतीन त्रेसष्ट. मोटरला मग फक्त घर्षणाशी भांडायचं उरतं.

दुकानासमोर जमलेल्यांपैकी एकानं निदान केलंच, "भाऊ, मोटर लहान पडली ना. ट्रकची लावा!" ट्रकची मोटर २४ व्होल्टची, आपल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर ती अर्धमेलीच फिरणार. दुसरा म्हणाला, "वेग वाढवा." तो वाढवून पाहिला, ८५ चा १८० केला. मान वर गेली, पण हुंदडणाऱ्या वासरासारखी, आणि शिंगाचं टोक माणसाच्या गालापासून वीतभर अंतरावरून गेलं. लगेच परत ८५. कुठल्या मोटरनं काय होईल हा प्रश्नच नव्हता. आदल्या संध्याकाळी हीच मोटर हीच मान हलवत होती. रात्रीत काय बदललं, एवढंच शोधायचं होतं.

दांडी सोडली. मोकळी मान हातानं सोडली तर असेल तिथं थांबायला हवी. ती धपकन खाली गेली. कापूस मोजायचा लटकता काटा या दिवसांत रिकामाच असतो. तो ७० सेंटिमीटरच्या खुणेवर अडकवून मान आडवी होईपर्यंत उचलली. शून्याच्या जवळ यायचं तिथं काटा दाखवतोय ४.६ किलो.

टॉर्च लावून घशात पाहिलं. पोळ्याच्या रात्री झड लागली होती. टिनाच्या पत्र्यातल्या एका खिळ्याच्या भोकातून थेंब थेंब पाणी थेट नंदीच्या उघड्या तोंडात पडत होतं. बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात होते, आतून कागद उघडाच. बोट लावलं तर भिजलेल्या पापडासारखा. आणि जबड्याचा खडखडाट दाबायला आम्हीच आत फरदडीचा, म्हणजे हंगामाच्या शेवटी उरलेला, कापूस कोंबला होता. रात्रभर थेंब पडून त्यात पाणी साचलं होतं. हात घालून निघेल तेवढा काढला, बादलीत पिळला. पुन्हा काटा लावला, ३.२ किलो. उरलेलं पाणी कागदात मुरलेलं, चार वाजेपर्यंत ते सुकणं शक्य नव्हतं.

म्हणजे मागं ६.४ किलो हवे. शेजारच्या किराणा दुकानातून दोन-दोन किलोची तीन लोखंडी वजनं आणली. पहिल्यांदा तारेनं लटकवली, ती चूक होती. मान हलली की ती झोपाळ्यासारखी झुलायची आणि सांगाड्यावर आपटायची. शिवाय वजन खिळीच्या सरळ रेषेत नसेल तर आडव्या स्थितीत तोल लागतो, मान खाली जाताच बिघडतो. मग लोखंडी पट्टीत आवळून जुन्या वजनाच्या पाठीला, त्याच रेषेत बोल्टनं बसवली. उरलेल्या ४०० ग्रॅमची फिकीर केली नाही. डोकं किंचित जड राहिलेलं चांगलं. मोटरच्या गिअरच्या दात्यांमधला ढिलेपणा एकाच बाजूला दाबला जातो, मान थरथरत नाही.

मोटर गार होऊ दिली. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर तारेवर धरला (साधा क्लॅम्प इथं कामाचा नाही, तो फक्त एसी मोजतो). अडलेल्या मानेला दहा अँपिअर ओढणारी मोटर आता साडेतीनवर होती. पावणेचारला झूल चढवली, शिंगांना बेगड लावली. मिरवणुकीत पोरांनी झडत्या (पोळ्याची पारंपरिक गाणी) म्हटल्या, बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे-खाऊ) गोळा केला, आणि नंदी पंधराच्या तालात मान डोलावत राहिला.

दुसऱ्या दिवशी डोकं उतरवून उन्हात ठेवलं, हनुवटीखाली पाणी निथळायला बोटभर भोक पाडलं. वाळल्यावर आतून वॉर्निशचे दोन हात दिले आणि कापसाऐवजी सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. दर दोन दिवसांनी काटा लावत गेलो. गणपती बसायच्या आत एक वजन किराणा दुकानात परत गेलं, विसर्जनापर्यंत बाकीची दोन.